शाळेच्या दुरुस्तीसाठी घरपट्टी वाढवायची वेळ आलीय. खर्च कुठे आवरता येईल?

वसनाकाठ

आमचं सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं गाव, जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा, पट ७८. चार कौलारू खोल्या, दोन स्लॅबच्या आणि मागे एक जुनी खोली जी दोन वर्षं बंदच आहे. ग्रामपंचायतीपुढे दुरुस्तीचं ६ लाख ४० हजारांचं अंदाजपत्रक आलंय. त्यात चार खोल्यांची सगळी कौलं बदलणे, आतून रंगकाम ३१० चौरस मीटर, व्हरांड्याला टाइल्स, मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती, पाणी शुद्ध करायचं मशीन, नवीन गेट आणि शेवटी ‘किरकोळ व इतर’ ४५ हजार. शिवाय शाळेचं वीजबिल थकलंय, १९ हजारांच्या वर.

घरपट्टीची चार वर्षांनी होणारी फेरआकारणी यंदा आहे, त्यात हा बोजा धरून वाढ सुचवलीय. ग्रामसभेत दोन तट पडलेत. एक म्हणतो, शाळेसाठी पैसा द्यायलाच पाहिजे. दुसरा म्हणतो, सरकार आधीच कर घेतं, मग पुन्हा आमच्याच खिशात हात का. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी अर्थ आहे. शाळेचं काही कमी करायची माझी तयारी नाही, पण वायफळ एक रुपया जाऊ नये एवढंच पाहिजे. जाणकारांनी नेमकं सांगावं, कुठे बघायचं आणि काय विचारायचं.

हिशेबवही

आधी कोणता खर्च कोणाचा हे वेगळे काढा. ग्रामसभेतले निम्मे भांडण तिथेच मिटते.

शिक्षकांचे पगार शालार्थ प्रणालीतून शासन देते. शाळेवरच्या एकूण खर्चातला सर्वात मोठा वाटा हाच, आणि तो गावाच्या हातात नाही. पाठ्यपुस्तके मोफत येतात. गणवेशाला समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतून दोन जोडांचे मिळून विद्यार्थ्यामागे ६०० रुपये. तांदूळ सोडून पोषण आहाराचा बाकी खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० असा उचलतात. शाळेच्या किरकोळ खर्चाला समग्र शिक्षातून संयुक्त शाळा अनुदान येते, ते पटावर ठरते: ३० पर्यंत १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार, त्यापुढे १ लाख. तुमच्या ७८ पटाला २५ हजार. त्यातले किमान १० टक्के, म्हणजे अडीच हजार, स्वच्छतेवर खर्च करायचे असतात.

आता तुमच्या यादीकडे. स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी ही कामे घरपट्टीतून करायची गरजच नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१-२६) ६० टक्के रक्कम बंधित ठेवली होती, तिची शिल्लक पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च होऊ शकते. बहुतेक ग्रामपंचायतींच्या खात्यावर बंधितची शिल्लक पडून असते आणि अबंधितची ओढाताण चालू असते. ग्रामसेवकांकडून बंधितची आजची शिल्लक लेखी मागा. एक अट आहे: काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असायला हवे आणि ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या पोर्टलवर चढलेले हवे. नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून पुरवणी आराखड्यात घ्या. ठराव न करता खर्च केला, तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि वसुली सरपंच-ग्रामसेवकांवर निघते.

दुसरी गळती मार्च महिन्यातली. शाळेचे अनुदान बहुतेक वेळा वर्षाच्या उत्तरार्धात येते, ३१ मार्चला न वापरलेली खर्चाची मर्यादा परत जाते, आणि मुख्याध्यापकांना आठ-दहा दिवसांत खरेदी उरकावी लागते. अशा वेळी दारात आलेला विक्रेता सांगेल तो भाव. याला एकच उपाय आहे, तयारी जूनमध्ये करायची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचाच असतो. तो करताना गरजांची क्रमवार यादी करा, पहिल्या पाच वस्तूंचे वर्णन आणि नग लिहून ठेवा, दिवाळीनंतर बाजारातले दर काढून ठेवा. पैसे आले की दरपत्रके मागवायला दोन दिवस लागतात, वस्तू निवडायला महिना लागत नाही.

दरपत्रके तपासताना एवढे पाहा. तिन्ही कागदांवरचा मजकूर शब्दशः सारखा आहे का? तारीख एकच आहे का? जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला की दुकानाचे नाव आणि पत्ता दिसतो, तो कागदावरच्याशी जुळतो का? आणि सर्वात महत्त्वाचे, दर ‘संचा’चा आहे की नगाचा? ‘क्रीडा साहित्य संच, १ नग’ असे लिहिले की आत काय आले हे कोणालाच तपासता येत नाही. चेंडू किती, कोणत्या मापाचे, दोऱ्या किती, असे सुटे लिहून घ्या. वस्तू आली की जडवस्तू नोंदवहीत नोंद आणि वस्तूवर रंगाने तोच क्रमांक. क्रमांक नसलेली खुर्ची पुढच्या वर्षी पुन्हा विकत घेतली जाते.

कौलारू

अंदाजपत्रकाबद्दल मी लिहितो, कारण खरा पैसा तिथंच आहे.

आधी रंगकाम. टेप घेऊन शाळेत जा. समजा खोली २० बाय १६ फूट आणि भिंत १० फूट उंच. चारी भिंतींचं क्षेत्रफळ २ × (२० + १६) × १० = ७२० चौरस फूट. खिडक्या ४ बाय ४ च्या चार म्हणजे ६४, दार साडेतीन बाय सातचं म्हणजे साडेचोवीस. वजा जाता ६३१.५. चार खोल्यांचे २,५२६ चौरस फूट. १०.७६ ने भागलं की २३५ चौरस मीटर. आडव्या भिंती आढ्यापर्यंत गेल्या असतील, तर वरचे त्रिकोण वेगळ्या ओळीत धरतात. १६ फुटांच्या भिंतीवर ४ फूट उंचीचा त्रिकोण ३२ चौरस फुटांचा, खोलीला दोन, चार खोल्यांचे आठ म्हणजे २५६ चौरस फूट, जवळपास २४ चौरस मीटर. सगळं धरून २५९. अंदाजपत्रकात ३१० आहेत. तुमच्या खोल्यांची मापं वेगळी असतील, पण हिशेब असाच करा आणि फरक निघाला तर शाखा अभियंत्यांना मोजमापाचा तक्ता मागा. त्यात नग, लांबी, रुंदी, उंची, परिमाण असे रकाने असतात. चूक कुठे आहे ते त्या रकान्यात दिसतं.

वजावटीचा नियम माहीत असू द्या, नाहीतर वाद घालायला जाल आणि समोरचा बरोबर निघेल. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची (दार, खिडकी, झरोका) वजावट करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंत भिंतीच्या एकाच बाजूची करतात, दुसऱ्या बाजूची सोडतात, कारण चौकटीच्या कडांचं काम त्यात भरून निघतं. तीनच्या वर असेल तर दोन्ही बाजूंची वजा करून कडा वेगळ्या मोजतात.

आता कौलं. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ बसतात. चार खोल्या आणि ८ फुटी व्हरांडा मिळून जमिनीवर ८० बाय २४ फूट, उताराचे १५ टक्के वाढवले की २,२०० चौरस फूट, म्हणजे २०५ चौरस मीटर. तीन हजारांच्या आसपास कौलं झाली. सगळी बदलायची का? चांगलं भाजलेलं कौल पन्नास-साठ वर्षं टिकतं. कौल उचलून बोटाच्या पेराने टकटक करा. खणखणीत आवाज आला तर ते चांगलं, भद्द आला तर केसासारखी चीर आहे. एका खोलीची अशी तपासून मोजणी केलीत की किती गेली ते कळतं, त्या संख्येला चारने गुणा. बहुतेक ठिकाणी बदलायची कौलं शंभरात दहा-पंधराच निघतात. बाकी गळती असते ती तीन जागी: आढ्यावरच्या कोन-कौलांखालचा चुना-सिमेंट सुटलेला, भिंतीला छप्पर टेकतं तिथली कड उघडी, आणि दोन छपरं मिळतात तिथली पन्हळ सडलेली. या तिन्ही जागा न करता तीन हजार कौलं नवी घातली, तरी पहिल्या पावसात शाळा गळणार.

कौलं काढलीच आहेत तर रिपा आणि वासे बघा. स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि आत गेला तर वाळवी आहे. ही रिप आज बदलली नाही तर दोन वर्षांत वरची चांगली कौलंही खाली येतील. काम करणाऱ्याला कौलांवर थेट चालू देऊ नका, आडवी फळी टाकून तिच्यावरून चालायला सांगा. दुरुस्तीत जेवढी कौलं बदलतात, तेवढीच पायाखाली नवी तडकतात, हे सगळीकडे होतं.

स्लॅबच्या खोल्या गळत असतील तर आधी पावसाळी पाइपचं तोंड बघा. कडुलिंबाचा पाला साठून पाणी तुंबतं आणि स्लॅबला दोष लागतो. कोबा (स्लॅबवरचा उताराचा थर) करायचाच असेल तर उतार १०० ला १ ठेवायचा, आणि शेवटचं बिल काढण्याआधी पाइपची तोंडं बंद करून तीन इंच पाणी ४८ तास साठवायचं. खालून ओल आली नाही तरच सही. ही चाचणी ठेकेदाराला कामाच्या आदेशातच लिहून द्या, नंतर तोंडी सांगून कोणी करत नाही.

क्रम चुकवू नका: छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग गिलावा, सगळ्यात शेवटी रंग. ओल्या भिंतीवर दिलेला रंग पुढच्या गणपतीपर्यंत फुगून पोपडे धरतो. यंदा छप्पर करा, रंग एक पावसाळा काढून पुढच्या दिवाळीत. छपराचं काम अक्षय्यतृतीयेनंतर सुरू करून मृगाच्या आत संपवायचं, कारण जूनच्या मध्यावर शाळा भरते.

व्हरांड्याला गुळगुळीत टाइल्स लावूच नका. पावसाळ्यात चिखलाच्या पायांनी मुलं घसरतात. शहाबादी फरशी असेल तर सांधे भरून घ्या, तेवढं पुरतं. ‘किरकोळ व इतर’ ही ओळ काढून टाकायला सांगा. ज्या कामाला परिमाण आणि दर नाही, ते अंदाजपत्रकात नको. आणि एकूण रकमेवर जीएसटी १८ टक्के आणि कामगार उपकर १ टक्का लागतो, त्यामुळे वरच्या यादीतली एक लाखाची ओळ गेली की प्रत्यक्षात १ लाख १९ हजारांच्या आसपास वाचतात.

फेज-न्यूट्रल

वीजबिल हातात घ्या आणि ‘दर संकेत’ शोधा. सरकारी शाळा एलटी-७ (अ) या सार्वजनिक सेवेच्या वर्गात मोडते. तिथे एलटी-२, म्हणजे वाणिज्यिक लिहिलं असेल तर शाळा दुकानाच्या दराने बिल भरतेय. मुख्याध्यापकांचं पत्र, यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) आणि शेवटचं बिल जोडून उपविभागात दरबदलाचा अर्ज द्या आणि पोच घ्या. मागची जास्तीची वसुली परत मागायची असेल तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, म्हणून अर्ज लांबवू नका.

मग गेल्या बारा महिन्यांची रीडिंग एकाखाली एक लिहा. मे महिन्यात शाळा बंद, गेटला कुलूप, मीटर आत. रीडिंग मिळत नाही म्हणून सरासरीचं बिल येतं. ते पुढच्या खऱ्या रीडिंगला वळतं व्हायला हवं, झालंय का ते तपासा. मीटर गेटबाहेरून दिसेल अशा जागी हलवला की हा प्रश्न संपतो. मागच्या बंद खोलीला वेगळं मीटर आहे का? असेल तर दर महिन्याला स्थिर आकार चालू आहे. ते कनेक्शन कायमचं बंद करा. मुदतीनंतर भरलेल्या बिलाला सव्वा टक्का विलंब आकार आणि पुढे व्याज लागतं, हा तर सरळ फुकट गेलेला पैसा. अनुदान उशिरा येतं हे माहीत असतं, मग चालू बिल ग्रामपंचायतीने वेळेवर भरायचं असा एक ठराव वर्षाच्या सुरुवातीलाच करून ठेवा.

उपकरणांचं गणित करून बघा, कारण यात उत्साहाच्या भरात चुकीचा खर्च होतो. बारा ट्यूब जुन्या चोकच्या असतील तर एक सुमारे ५२ वॉट खाते, एलईडी पट्टी २० वॉट. रोज तीन तास, वर्षाचे २२० दिवस धरले तर २५३ युनिट वाचतात. युनिटला सगळे आकार धरून ८ रुपये धरले तर दोन हजार रुपये. पट्ट्यांचा खर्च २,४००. सव्वा वर्षात वसूल, लगेच बदला.

पंख्यांचं तसं नाही. बारा पंखे ७५ वॉटचे, रोज पाच तास, वर्षाला ९९० युनिट. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, ३० वॉटचे घेतले तर ३९६. वाचले ५९४ युनिट, पावणेपाच हजार रुपये. बारा पंख्यांना २,८०० च्या भावाने ३३,६०० लागतात. पैसे वसूल व्हायला सात वर्षं. चालू पंखे काढू नका. जो जळेल त्याच्या जागी बीएलडीसी घ्या, रिवाइंडिंग करू नका, एवढा नियम पुरे.

सौर पॅनलचा प्रस्ताव कोणी आणेलच. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतं. तुमच्यासारख्या शाळेचा वापर पंखे, दिवे, टीव्ही मिळून दिवसाला आठ युनिटच्या आसपास, त्याला दोन किलोवॉट भरपूर झाले. पाच किलोवॉटचा प्रस्ताव आला तर कारण विचारा. नेट मीटरिंगमध्ये शिल्लक युनिट आर्थिक वर्षाअखेरपर्यंत पुढे जातात, त्यामुळे मे महिन्याच्या सुटीत साठलेले पावसाळ्यात वापरता येतात. घरांसाठीचं सूर्यघर योजनेचं अनुदान शाळेला मिळत नाही, ते धरून हिशेब मांडलेला असेल तर तो चुकीचा.

माणदेशी

सगळ्यांनी बारीकसारीक सांगितलं, मोठं कोणी बोलत नाही. दहा-बारा पटाच्या शाळा चालवणं करदात्याला परवडत नाही. जवळच्या दोन-तीन वाड्यांच्या शाळा एकत्र केल्या तर इमारत एक, वीज एक, शिक्षकही पुरेसे. खर्च आवरायचा तर सुरुवात तिथून व्हावी.

कोयनाकाठ

माणदेशी, आकडे मांडून बघू. आठ पटाची शाळा बंद केली आणि मुलं तीन किलोमीटरवर पाठवली. संयुक्त अनुदानाचे १० हजार वाचले. पण राज्याच्या शिक्षण हक्क नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीनच्या आत. लांब पाठवलं तर वाहतूक द्यावी लागते, समग्र शिक्षात त्याला मुलामागे वर्षाला ६,००० पर्यंत तरतूद आहे. आठ मुलांचे ४८ हजार. म्हणजे वाचले दहा, गेले अठ्ठेचाळीस. शिक्षकांचं समायोजन होतं, ते दुसऱ्या शाळेत जातात, पगार चालूच राहतो. रिक्त जागा भरली जाते हा फायदा खरा आहे, पण तो कराचा फायदा नव्हे.

पाटण-जावळीच्या वाड्यांत जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्यांना पाणी असतं, जीप वर चढत नाही. तीन किलोमीटर नकाशावर सारखे दिसतात, माणच्या सपाटीवर आणि कोयनेच्या डोंगरात ते सारखे नसतात. सातवीतली मुलगी घरी बसली तर तो तोटा कोणत्या रकान्यात लिहायचा?

जिथं रस्ता सपाट आहे, अंतर किलोमीटरच्या आत आहे आणि पालकांची लेखी संमती आहे, तिथं एकत्र करायला माझी हरकत नाही. मात्र मुलामागचा खर्च कमी करायचा खरा मार्ग पट वाढवण्याचा आहे. वर्गात १२ मुलं असोत की २८, शिक्षकाचा पगार, इमारत, वीज तेवढीच. गावातून रोज सकाळी पिवळी बस भरून मुलं इंग्रजी माध्यमाला जातात, त्यांच्या पालकांनी ती फी वेगळी भरलेली असते आणि शाळेसाठीचा कर वेगळा. त्यातली पंधरा मुलं परत आली तर एक रुपयाही न वाढवता खर्च विभागला जातो. वसनाकाठ, तुमचा पट ७८ आहे. १०१ झाला तर अनुदान २५ चं ५० हजार होतं. अर्थात खरी मुलं हवीत. आधार पडताळणी आणि संच मान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) खोटी नावं पकडली जातात, आणि नाव गेलं की शिक्षकाचं पदही जातं.

शिधा

पोषण आहार गावाच्या पैशातून नाही, पण करदात्याच्या पैशातूनच आहे, म्हणून लिहिते.

पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. समजा ७८ पैकी ५२ लहान गटात आणि २६ मोठ्या. सगळे हजर असतील तर ५.२ अधिक ३.९, म्हणजे दिवसाला ९.१ किलो. २४ दिवसांच्या महिन्याला २१८ किलो. तांदळाशिवायच्या साहित्याचा दर १ मे २०२५ पासून प्राथमिकला ६.७८ आणि उच्च प्राथमिकला १०.१७ रुपये आहे. दिवसाला ६१७ रुपये झाले. दिवसाचे किलो आणि रुपये हे दोन आकडे स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवा, व्यवस्थापन समितीतल्या आयांना बाकी काही शिकवावं लागत नाही.

माल उतरवताना पोती मोजू नका, वजन करा. ५० किलोचं पोतं ठेवल्यावर काटा ५० दाखवत असेल तर माल कमी आहे, कारण रिकाम्या गोणीचंच वजन अर्ध्या किलोच्या वर असतं. कमी भरलं तर पावतीवर तिथल्या तिथे लिहा, नंतर फोन करून काही होत नाही. पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब, आणि आधी आलेलं आधी वापरायचं. कोपऱ्यात मागे राहिलेल्या एका पोत्याला सोंडे लागले की पाचही पोत्यांना लागतात. डाळ आणि कडधान्य रात्री भिजत घातलं आणि कुकरमध्ये शिजवलं की गॅस बराच वाचतो. उघड्या पातेल्यात हरभरा शिजवणं हा गॅसचा सर्वात मोठा नाश. आणि रोजची हजेरी त्याच दिवशी ॲपवर भरा, राहिली तर पुढची मागणी कमी मंजूर होते आणि मग उसनवारी सुरू.

वसनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. टेप घेऊन मोजलं. आतलं रंगकाम त्रिकोणांसह २५८ चौरस मीटर निघालं. अभियंता साहेबांनी तक्ता दाखवला. व्हरांड्याकडची भिंत आतल्या ओळीतही होती आणि बाहेरच्या ओळीतही, साधारण ५० चौरस मीटर दोनदा. त्यांनी स्वतःहून दुरुस्त करायचं कबूल केलं. मुद्दाम केलेलं नव्हतं असं वाटतं. एका खोलीची कौलं टकटक करून बघितली, शंभरात तेरा गेलेली. बिलावर दर संकेत बरोबर आहे, पण मागच्या खोलीचं दुसरं मीटर चालू आहे.

दोन गोष्टी राहिल्या. पाण्याच्या मशीनचं काय करायचं, आणि ती जुनी खोली पाडायची तर तिचा खर्चही गावानेच करायचा का?

हिशेबवही

पाण्याचे आधी. मशीन घेण्यापूर्वी पाण्याची तपासणी करा. क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओ लागत नाही, निर्जंतुकीकरण पुरते. नळयोजनेचे पाणी असेल तर टाकी तीन महिन्यांनी धुणे आणि क्लोरीन तपासणे एवढेच बहुधा करायचे असते. क्षार जास्त निघाले आणि आरओ घ्यावाच लागला, तर खरेदीच्या दरपत्रकातच पुढच्या तीन वर्षांच्या फिल्टर आणि मेम्ब्रेनचा दर लिहून घ्या. शाळांमधली बंद पडलेली बहुतेक मशीने बिघडलेली नसतात, त्यांच्या फिल्टरला पैसे नसतात. टाकून दिले जाणारे पाणी झाडांना जाईल असा पाइप काढा. आणि हा खर्च बंधित निधीतून करा.

जुनी खोली जिल्हा परिषदेची मालमत्ता आहे, ग्रामपंचायतीने परस्पर पाडायची नाही. व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, मग मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे निर्लेखनाचा, म्हणजे इमारत नोंदीतून काढून टाकण्याचा प्रस्ताव. बांधकाम उपविभागाकडून धोकादायक असल्याचा दाखला आणि पडीक साहित्याचे मूल्यांकन लागते. मंजुरी आल्यावर जाहीर लिलाव होतो, घेणारा स्वखर्चाने पाडून साहित्य नेतो. म्हणजे गावाला खर्च येत नाही, उलट रक्कम जमा होते, ती जिल्हा परिषदेकडे.

कौलारू

त्यात एक भर. मूल्यांकनाच्या वेळी समितीतले दोघे हजर राहा. जुन्या खोल्यांच्या तुळ्या आणि वासे पुष्कळदा सागवानी असतात, आणि कागदावर नुसतं ‘लाकूड’ लिहिलं की जळणाच्या भावाने जातात. प्रत्येक तुळईची लांबी, रुंदी, जाडी आणि लाकडाची जात लिहून घ्या. खिडक्यांचे गज, दारांच्या बिजागऱ्या, शहाबादी फरशी, सगळं मोजून. प्रस्तावातच मागणी करा की चांगली निघालेली कौलं लिलावात न घालता याच शाळेच्या चार खोल्यांसाठी द्यावीत. तुमची शंभरात तेरा म्हणजे चारशेच्या आसपास कौलं लागणार. जुन्या खोलीवर तीच मंगलोरी असतील तर माप जुळतं का बघा. कंपनीप्रमाणे खाचा बदलतात, दोन कौलं एकमेकांत बसवून बघितल्याशिवाय मोजू नका.

मागच्या खोलीचं मीटर मात्र पाडण्याआधी कायमचं बंद करून तसा दाखला घ्या. वायर तोडून मीटर पडीक साहित्यात गेलं, तर त्याची किंमतही शाळेच्या बिलात येते आणि स्थिर आकार चालूच राहतो.